बाटलीच्या तळाशी साचलेली कादंबरी

स्ट्रिक्नीन हे जहाल विष. पण शंभर वर्षांपूर्वी डॉक्टर ते अगदी किंचित मात्रेत टॉनिकमध्येही देत. अशा टॉनिकच्या बाटलीत ब्रोमाइडची पूड पडली, की विरघळलेलं स्ट्रिक्नीन स्फटिक होऊन हळूहळू तळाशी बसतं. वरचे डोस निर्धोक. शेवटच्या डोसात मात्र साऱ्या बाटलीचं विष एकवटतं. औषधं बनवायला शिकणाऱ्यांना पाठ्यपुस्तकच याबद्दल सावध करत असे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॉर्कीच्या युद्धकालीन रुग्णालयात औषधं तयार करणाऱ्या पंचविशीतल्या एका बाईला मात्र त्यात कादंबरी दिसली.

(खुनी कोण ते सांगणार नाही, निर्धास्त वाचा.)

अगाथा ख्रिस्ती तेव्हा लेखिका नव्हतीच. कैरोत घडणारी एक कादंबरी तिने आधी लिहिली होती, ती कुणी छापली नव्हती. ओळखीतले कादंबरीकार ईडन फिलपॉट्स यांनी ती वाचून सांगितलं होतं, की उपदेश काढून टाक, पात्रांनाच बोलू दे. तुला रहस्यकथा जमणारच नाही, असं मोठ्या बहिणीने, मॅजने, डिवचलं होतं. १९१६ मध्ये, औषधांच्या खोलीत काम कमी असायचं तेव्हा, तिने लिहायला घेतलं. भोवताली विषाच्या बाटल्या होत्या, मग खून विषानेच होणार!

नवखा लेखक बहुधा साचा मोडायच्या घाईत असतो. हिने साचा मुकाट उचलला. होम्सला वॉटसन, तसा तिच्या गुप्तहेराला, पॉयरोला, हेस्टिंग्ज: भला, थोडा मंद, आणि सगळं सांगूनही नेमकं चुकीचं समजणारा निवेदक. जोडीला गावाबाहेरचा मोठा वाडा, श्रीमंत म्हातारी आणि इस्टेटीचे वाटेकरी. यात नवं काही नाही.

नवं आहे ते गतीत, आणि मला थक्क करतो तो हाच भाग. स्ट्रिक्नीन पोटात गेलं की फार वेळ थांबत नाही. इथे संशय रात्रीच्या कॉफीवर आहे आणि बाई तडफडते पहाटे. मग मधले तास गेले कुठे? या एका प्रश्नावर प्रकरणांमागून प्रकरणं चालतात. पाठलाग नाही, गोळीबार नाही, तरी आपण पानं उलटत राहतो, कारण विषाचं घड्याळ आणि घरातलं घड्याळ जुळत नाही. शिवाय तळाशी बसणारं विष खुन्याला त्या रात्री घरापासून दूर राहू देतं. कथेचा वेग रसायनशास्त्रातूनच निघाला आहे.

पात्राचंही तसंच. युद्धात बेल्जियममधून आलेले निर्वासित टॉर्कीत राहत होते, म्हणून गुप्तहेर बेल्जियन ठरला. अंड्यासारखं डोकं, ऐटबाज मिशा आणि नीटनेटकेपणाचं वेड. हे वेड नुसतं हसवायला नाही. मेलेल्या म्हातारीच्या झोपायच्या खोलीतल्या शेकोटीवरच्या वस्तू पॉयरो सरळ मांडतो. पुढे त्याच वस्तू त्याला पुन्हा सरळ कराव्या लागल्या होत्या, हे हेस्टिंग्ज सहज बोलून जातो. म्हणजे मधे कुणीतरी त्या हलवल्या! सवयीनेच पुरावा शोधून दिला. पात्राचा स्वभाव आणि कथानक यांचे सांधे इतके बेमालूम जुळलेले अनुभवी लेखकांकडेही क्वचितच दिसतात.

उत्तरार्ध अडला तेव्हा ती डार्टमूरच्या माळावरल्या हॉटेलात जाऊन राहिली. सकाळी लिहायचं, दुपारी माळावर एकटीने फिरत पात्रांचे संवाद मोठ्याने म्हणायचे. पुढे बऱ्याच प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. अखेर जॉन लेन तयार झाले, पण शेवट बदलायला लावून. तिने पॉयरोला न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलगडा केला होता. कुठलं न्यायालय असली साक्ष ऐकून घेईल? मग तिने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, आणि हीच पुढे तिच्या रहस्यकथांची ओळखीची खूण झाली.

पुस्तक १९२० मध्ये अमेरिकेत आलं, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये. तिच्या हाती पंचवीस पौंड पडले. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने विषाची माहिती अचूक असल्याबद्दल पाठ थोपटली, त्याचं तिला फार अप्रूप होतं. एक हिशेब मात्र चुकला. पॉयरोला तिने पहिल्याच पुस्तकात निवृत्त पोलीस अधिकारी केलं. तो पुढे पन्नासेक वर्षं खुनी शोधत राहिला. याचं वय आता शंभरच्या वर गेलं असणार, असं तिनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.