एकशे दहा लोकल भरून बायका

कर्जत लोकलच्या बारा डब्यांत बसायच्या जागा साधारण बाराशे. दारातल्या, उभ्या, चौथ्या सीटवर टेकलेल्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक जागेवर ३० ते ५९ वयाची एक बाई बसवा. अशा एकशे दहा गाड्या सोडल्या, की एका शोधनिबंधातल्या बायका त्यांत मावतात. आकडा आहे १,३१,७४६.

हा निबंध २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. लांबी दहा पानं, म्हणजे पानामागे तेरा हजार बायका. लेखकांत पहिलं नाव डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांचं. बायका मात्र उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेली माणसं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची. प्रश्न साधा होता: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच तपासणी केली, तर पुढची मरणं टळतात का?

हेच काम आपल्याकडे करायचं म्हटलं तर? २०११च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर होती. नेरळपासून खोपोलीपर्यंत, डोंगरातल्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांसकट, घरटी जाऊन त्या वयाची एकही बाई सोडली नाही, तरी हा आकडा गाठता आला नसता.

एवढ्या बायका कशाला? उत्तरासाठी आधी उंदरांकडे जावं लागतं. डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा कसा हात असतो, हे उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर तपासलं. काही वाण असे, की त्यांतल्या बहुतेक माद्यांना गाठ येतेच. तिथे मोजके पिंजरे बरंच काही सांगून जातात.

बायकांचं गणित तसं नसतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १,५१,५३८ बायकांना घेऊन उस्मानाबादसारखाच अभ्यास केला. ज्यांची तपासणी झाली नव्हती, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने वर्षाला लाखात साधारण सोळा मृत्यू झाले. हा दर धरून पाचशे बायकांच्या गावाचा हिशेब मांडा. बारा वर्षांत एक मृत्यू. बारा वर्षांनी एक बाई गेली, तर गाव ‘तिचं नशीब’ म्हणतं आणि विसरतं. ते नशीब नव्हतं, हे दिसायला शेकडो गावं एकाच वहीत मांडावी लागतात.

उस्मानाबादेत गावांचे ५२ गट पाडले. कोणत्या गटाला कोणती तपासणी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. ३४,१२६ बायकांच्या वाट्याला हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी आली. ३१,४८८ जणींना नेहमीचे उपचार तेवढे खुले राहिले. आठ वर्षांनी पहिल्यांत ३४ मृत्यू होते, दुसऱ्यांत ६४. सगळ्या खटाटोपातून हाती लागला तो हा तिसाचा फरक. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा झाला होता.

त्या ६४ जणी याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहेत. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

मुंबईत तर प्रयोगशाळाही लागली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याचाच, बोळा गर्भाशयमुखाला लावायच्या आणि मिनिटभर थांबायच्या. पांढरट डाग उमटला तर बाईला पुढे पाठवायचं. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच केली, तेव्हा मृत्यू विशेष घटले नव्हते. मुंबईत ती दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली. बारा वर्षांत मृत्यूदर ३१ टक्क्यांनी उतरला.

दोन्ही निबंधांतल्या बायका मिळून होतात २,८३,२८४. कर्जत आणि खालापुरातल्या तान्ह्या मुलीपासून पणजीपर्यंतच्या सगळ्या स्त्रियांहून जास्त.

आता पुन्हा त्याच लोकलमध्ये येऊ. या वेळी देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायका बसवू. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या वयोगटातल्या फक्त १.९ टक्के जणींनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. म्हणजे भरल्या गाडीत तेवीसजणी. उरलेल्या अकराशे सत्त्याहत्तर जणी कर्जत आलं, की पिशव्या उचलून उतरतात.