सहा मंत्रांची पोथी : नवख्याचा विझार्ड कसा घडतो?

काल्पनिक साहसांच्या भूमिका-खेळात पहिल्यांदाच बसणाऱ्या व्यक्तीला कोणते पात्र हवे असे विचारले, की उत्तर बहुधा 'जादूगार' असेच येते. अनुभवी खेळाडू मात्र अशा वेळी 'आधी योद्धा घ्या' असे सुचवितात. या सल्ल्यामागे कारण आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या ख्यातनाम भूमिका-खेळातील विझार्ड, म्हणजे अभ्यासाने मंत्रविद्या मिळविलेला जादूगार, पुढे अत्यंत सामर्थ्यवान होतो. पण पहिल्या पातळीवर तो साऱ्या चमूतील सर्वांत नाजूक गडी असतो. तो पहिल्याच चकमकीत धारातीर्थी पडला, तर नवखा खेळाडू उरलेला वेळ इतरांचा खेळ पाहत बसतो, आणि पुढच्या बैठकीला तो येईलच असे नाही. ही वेळ बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठीचे निर्णय मात्र खेळ सुरू होण्यापूर्वी, पात्र कागदावर उतरवितानाच घ्यावे लागतात.

हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे रचनाकार. पहिल्या छपाईत अवघे १,००० संच निघाले होते. त्या पहिल्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे, आणि तो उच्चारला की स्मरणातून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकी कादंबरीकाराच्या कथांतून आलेली, आणि गायगॅक्स यांनी ते ऋण उघडपणे मान्य केले होते. एक मंत्र संपला की त्या काळचा जादूगार हातात सुरी घेऊन मागे उभा राहत असे. आजचे नियम पुष्कळ सौम्य झाले आहेत, पण विझार्डच्या प्रकृतीत ती जुनी कृशता अद्याप शिल्लक आहे.

खेळाची रीत थोडक्यात अशी. मेजाभोवती बसलेल्यांपैकी एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे सूत्रधार असतो. तो जग, प्रसंग आणि शत्रू उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवितात. यशापयश शंकास्पद असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो, त्यात पात्राचा गुणांक मिळविला जातो, आणि बेरीज ठरावीक आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक आली तर कृती साधते. २०२३ मध्ये आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळाचा पाया याच नियमांचा आहे. मात्र तेथे संगणक जे हिशेब परस्पर करतो, ते मेजावर खेळाडूला स्वतः करावे लागतात. नियमपुस्तकाची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. पुढील विवेचन तिला धरून आहे.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : बळ, चपळता, काटकपणा, बुद्धिमत्ता, शहाणपण आणि प्रभाव. नवख्यासाठी १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे तयार आकडे पुस्तकात दिलेले आहेत. ते हवे तसे वाटून घ्यायचे. फाशात मात्र हे आकडे थेट मिळविले जात नाहीत. गुणातून १० वजा करून उरलेल्याचे निम्मे, आणि अपूर्णांक आल्यास खालचा पूर्णांक, इतकेच मिळविले जाते. म्हणजे १३ आणि १२ यांचा लाभ सारखाच, एकाचा. १४ झाले की तो दोनाचा होतो. विषम आकडा एका अर्थी अडकून पडलेले भांडवल होय.

विझार्डची मंत्रशक्ती बुद्धिमत्तेवर अवलंबून असल्याने १५ तेथे ठेवावेत, १४ चपळतेला आणि १३ काटकपणाला द्यावेत. शहाणपणाला १२, प्रभावाला १० आणि बळाला ८ पुरे. पुष्कळ नवखे काटकपणाकडे दुर्लक्ष करतात आणि तेथेच फसतात. यानंतर पात्राची पार्श्वभूमी निवडायची असते. 'सेज', म्हणजे ग्रंथांत रमलेला विद्वान, ही पार्श्वभूमी घेतल्यास बुद्धिमत्तेत दोन व काटकपणात एक वाढविता येतो. बुद्धिमत्ता १७ होते, आणि काटकपणाचे अडकलेले १३ मोकळे होऊन १४ वर येतात.

आता हा विझार्ड किती टिकेल? पहिल्या पातळीवर त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो सोसू शकेल इतकी इजा, ६ अधिक काटकपणाचे २, असे एकूण ८. याच काटकपणाच्या योद्ध्याचे १२ भरतात. विझार्डच्या अंगावर चिलखत नसते. त्याला नेम लागण्यासाठी शत्रूला १२ ची बेरीज पुरते. साधा गॉब्लिन फाशात ४ मिळवितो, म्हणजे ८ किंवा अधिक पडले की वार लागला. शंभरात पासष्ट वेळा तो लागेल. गॉब्लिनच्या वक्र तलवारीची इजा सहा बाजूंच्या फाशावर दोन मिळवून, म्हणजे कमाल ८. एका चांगल्या वारात विझार्ड आडवा होतो. त्यानंतर दर पाळीला एक फासा : १० किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश, तीन अपयशे म्हणजे मृत्यू. ओग्र या धिप्पाड राक्षसी जीवाच्या सोट्याखाली तर ही संधीही हुकू शकते. एकाच फटक्यात १६ इजा झाली, तर ८ हिट पॉइंटचे पात्र जागीच मरते, आणि ओग्रच्या लागलेल्या दर चार फटक्यांत जवळपास एक तेवढा जबर असतो.

या आकड्यांवरून मंत्रांची निवड कशी करावी ते दिसते. आरंभी विझार्डच्या पोथीत पहिल्या श्रेणीचे सहा मंत्र असतात. त्यांपैकी चार तो एका वेळी सिद्ध ठेवू शकतो. ते प्रत्यक्ष वापरण्यासाठी 'स्पेल स्लॉट' लागतात. त्यांना पट्ट्यातील काडतुसे म्हणता येईल. पहिल्या पातळीवर अशी काडतुसे दोनच. तासाभराच्या विश्रांतीनंतर दिवसातून एकदा एक परत मिळते. म्हणजे दिवसभरात तीन. नवखे खेळाडू सहाच्या सहा मंत्र आग, वीज आणि गडगडाटाचे घेतात. तिसऱ्या मंत्रानंतर त्यांच्या पोथीचा काही उपयोग उरत नाही. सहा मंत्र सहा निरनिराळी कामे करणारे असावेत.

पहिले काम जिवंत राहण्याचे. 'मेज आर्मर' हा मंत्र आठ तास अदृश्य चिलखताचे काम करतो. त्याने १२ चे १५ होतात आणि गॉब्लिनचा वार लागण्याची शक्यता पासष्टवरून पन्नास टक्क्यांवर येते. पण त्यासाठी सकाळीच एक काडतूस खर्ची पडते. येथे 'सेज' पार्श्वभूमीचा दुसरा लाभ कामी येतो. तिच्याबरोबर 'मॅजिक इनिशिएट' हे विशेष कौशल्य मिळते : दोन जादा किरकोळ मंत्र, आणि पहिल्या श्रेणीचा एक मंत्र रोज एकदा विनामूल्य. तो 'मेज आर्मर' घ्यावा. पोथीतील एक जागाही वाचते आणि दोन्ही काडतुसे शाबूत राहतात.

त्यांतील एक 'शील्ड' मंत्रासाठी राखून ठेवावे. हा मंत्र आपल्या पाळीची वाट पाहत नाही. शत्रूचा वार लागल्याचे कळल्यावर तत्क्षणी उच्चारता येतो. संरक्षण पाचाने वाढून १५ चे २० होतात, गॉब्लिनची शक्यता पंचवीस टक्क्यांवर उतरते, आणि बहुधा लागलेला वारच चुकतो. दुसरा 'मॅजिक मिसाइल'. त्याचे तीन बाण कधीच चुकत नाहीत. प्रत्येकाची इजा २ ते ५, तिन्हींची मिळून ६ ते १५. मरणपंथाला लागलेला शत्रू निश्चितपणे संपवायचा असेल तेव्हा याला पर्याय नाही.

तिसरा 'स्लीप', निद्रामंत्र. याच्या बाबतीत जुन्या पुस्तकावर विसंबू नये. २०१४ च्या नियमांत तो ठरावीक हिट पॉइंटचे शत्रू कोणतीही संधी न देता झोपवी. २०२४ च्या नियमांत शत्रूला शहाणपणाच्या फाशाने प्रतिकार करता येतो. वर घडविलेल्या विझार्डविरुद्ध त्याला ८ अधिक २ अधिक ३, म्हणजे १३ ची बेरीज गाठावी लागते. ज्याच्या शहाणपणाला काहीच लाभ नाही असा शत्रू शंभरात साठ वेळा फसेल. निद्रा एकाग्रतेवर टिकते. विझार्डला इजा झाली तर एकाग्रता राखण्यासाठी फासा टाकावा लागतो, आणि त्यात मिळविला जातो तो काटकपणाच. १३ चे १४ केल्याचा हा आणखी एक लाभ. चौथा 'फेदर फॉल' : कड्यावरून किंवा सापळ्याच्या विवरात कोसळणाऱ्या पाच जणांना पिसासारखे अलगद उतरवितो. तो महिनाभर उपयोगी पडणार नाही, पण एखाद्या दिवशी अख्खा चमू वाचवील.

उरलेल्या दोन जागा विधीच्या मंत्रांना द्याव्यात. ज्या मंत्रांवर विधीची खूण असते, ते विझार्डला सिद्ध न ठेवताही, पोथी उघडून, दहा मिनिटे अधिक देऊन करता येतात, आणि त्यांना काडतूस लागत नाही. 'डिटेक्ट मॅजिक' आसपासची जादू ओळखतो. 'फाइंड फॅमिलियर' तर नवख्यासाठी पोथीतील सर्वांत मोलाचा मंत्र मानावा. दहा सुवर्णमुद्रांचा धूप जाळून घुबड, मांजर यांसारख्या रूपातील एक आत्मा सेवेला बोलावता येतो. तो स्वतः हल्ला करीत नाही, पण शंभर फुटांच्या आत असेल तर विझार्ड त्याच्या डोळ्यांनी पाहू शकतो. अंधाऱ्या दालनात आठ हिट पॉइंट घेऊन स्वतः डोकावण्यापेक्षा घुबड पाठविणे केव्हाही बरे. ते मारले गेले तर पुन्हा धूप जाळायचा.

काडतुसे संपल्यावर हाती राहतात ते 'कॅन्ट्रिप', अर्थात किरकोळ मंत्र. ते कितीही वेळा वापरता येतात. विझार्डचे तीन आणि 'सेज'चे दोन, असे पाच होतात. दूरवर मारा करणारा एक पुरे. 'फायर बोल्ट' १२० फुटांवर दहा बाजूंच्या फाशाइतकी इजा करतो. बाकीचे 'लाइट', 'मेज हँड', 'मायनर इल्यूजन' असे हरहुन्नरी घ्यावेत. खोटा आवाज काढून पहारेकरी दुसरीकडे वळविला, तर पुष्कळदा चकमकच टळते.

या सर्वासाठी महागडी पुस्तके विकत घेण्याची सक्ती नाही. प्रकाशक 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने मूलभूत नियमांची संहिता २०२३ मध्ये, आणि सुधारित नियमांची २०२५ मध्ये, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य खुली केली. 'सेज' पार्श्वभूमी आणि विझार्डचे नियम तिच्यात आहेत. श्रेयनिर्देश करून तिचे भाषांतरही करता येते, मराठीतही.

पुढे प्रत्येक पातळीला पोथीत दोन मंत्र वाढतात. वाटेत सापडलेल्या दुसऱ्याच्या पोथीतून नवा मंत्र उतरवून घ्यायचा तर दर श्रेणीला दोन तास आणि ५० सुवर्णमुद्रा पडतात, त्यामुळे विझार्डची थैली नेहमी रिकामी असते. तिसऱ्या पातळीवर तो विद्येची एक शाखा निवडतो. पाचव्या पातळीवर तिसऱ्या श्रेणीचे मंत्र खुले होतात, आणि ज्याच्या आशेने अनेक खेळाडू आरंभीचे हाल सोसतात तो 'फायरबॉल' हाती येतो : सहा बाजूंचे आठ फासे, वीस फूट त्रिज्येचा अग्निगोल. त्या वीस फुटांत आपले सोबती उभे असतील तर त्यांनाही तीच इजा होते, हे नवख्याने मंत्र उच्चारण्यापूर्वी पाहून घ्यावे.