फेऱ्यांचा रकाना

फॉर्म्युला वनवर मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यात चालकांचाच बोलबाला असतो. सेना, शूमाकर, हॅमिल्टन, व्हर्स्टापेन आणि अधूनमधून आपले नारायण कार्तिकेयन, करुण चंडोक. इंजिनाला जागा मिळते ती ते फुटल्यावर. हंगामापूर्वीच्या चाचण्यांना तर तेवढीही मिळत नाही. ‘चाचणीत कुणी खरं दाखवत नाही’ असं म्हणून आपल्याकडचे काही जाणते लोक ते पानच उलटतात.

या मंडळींशी प्रस्तुत लेखकाचा वाद जुना आहे. चाचणीतली वेळ फसवी असते हे मान्य. टाकीत दहा किलो इंधन जास्त असलं की फेरीमागे साधारण तीन दशांश सेकंद जातात, आणि कुणी किती भरलंय हे बाहेर कळत नाही. पण त्याच तक्त्यात वेळेच्या शेजारी दुसरा रकाना असतो, एकूण फेऱ्यांचा. कमी इंधनावर वेळ चोरता येते, फेऱ्या चोरता येत नाहीत. गरम झालेलं इंजिन, वळणावर एका बाजूला सरकणारं तेल, तासन् तास चालणारी थरथर आणि तिने सैल होणारे जोड हे सगळं त्या एका आकड्यात उतरतं.

२०१४ची स्पेनमधल्या हेरेसची चाचणी आठवावी. इंजिनाचे नियम नुकतेच मुळापासून बदलले होते: २.४ लिटरचं व्ही-८ जाऊन १.६ लिटरचं टर्बो व्ही-६ आलं होतं, सोबत दोन विद्युत जनित्रं आणि बॅटरी. लागोपाठ चार विजेतेपदं घेऊन आलेल्या रेड बुलने रेनोच्या नव्या इंजिनावर चार दिवसांत २१ फेऱ्या मारल्या. मर्सिडीजने ३०९. पुढे मर्सिडीजने १९पैकी १६ शर्यती जिंकल्या. पुढच्याच वर्षी मॅक्लारेन-होंडाने तिथेच चार दिवसांत ७९ फेऱ्या केल्या आणि वर्षअखेरीस ती जोडी संघांच्या तक्त्यात नववी आली. विरोधक इथे २००९च्या ब्रॉन संघाचं उदाहरण पुढे करतात. मार्च उजाडल्यावर गाडी बाहेर काढली, मोजके दिवस चाचणी केली, तरी विजेतेपद घेतलंच ना? घेतलं. पण त्या गाडीत मर्सिडीजचं व्ही-८ होतं. त्या इंजिनाचा आराखडा तीन हंगाम धावून तावून सुलाखून निघाला होता.

१९६७मध्ये झँडवूर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलेलं कॉसवर्थ डीएफव्ही, १९७७मध्ये रेनोने आणलेला टर्बो, ऐंशीच्या दशकातली हजार अश्वशक्तीची पात्रता-इंजिनं, या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे. त्यामुळे थेट १९८९नंतरच्या व्ही-१० युगाकडे यावं. त्यातही कुणी न उघडलेल्या प्रकरणाकडे, कारण त्या प्रकरणाचा एक धागा डोंबिवलीत येतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं नाव कुर्ल्याशी जोडलेलं असलं, तरी कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीच्या हद्दीला होता. नव्वदच्या दशकात परदेशी मोटारींना दार उघडल्यावर प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी हात मिळवला आणि १९९४च्या सुमारास प्यूजो ३०९ इथे तयार होऊ लागली. पेट्रोल गाडीत प्यूजोच्या ‘टीयू’ कुळातलं १३६० सीसीचं इंजिन होतं. याच कुळातलं १२९४ सीसीचं भावंड फ्रान्समध्ये ‘१०६ रॅली’ या छोट्या गाडीत बसत होतं, आणि ती गाडी १३०० सीसीच्या स्पर्धावर्गासाठीच बांधलेली होती. कल्याण, ठाणे, मुलुंडच्या रस्त्यांवर ३०९ चालवणाऱ्या कितीजणांना आपल्या बॉनेटखालच्या इंजिनाचं हे घराणं माहीत होतं?

त्याच १९९४मध्ये प्यूजोचं व्ही-१० मॅक्लारेनमध्ये बसलं.

ते कसं बसलं, ही आधुनिक फॉर्म्युला वनमधली चाचणीची सगळ्यात बोलकी कथा आहे. १९९३मध्ये होंडा गेलेली, मॅक्लारेन फोर्डच्या इंजिनावर भागवत होतं. त्या सप्टेंबरमध्ये इश्तोरिलला आयर्टन सेनाने लॅम्बोर्गिनीच्या व्ही-१२वर मॅक्लारेन चालवून पाहिली आणि ती त्याला आवडली. तरी संघप्रमुख रॉन डेनिस यांनी प्यूजोचा हात धरला. कारणही तगडं होतं. प्यूजो ९०५ने १९९२ आणि १९९३ अशी दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती, दुसऱ्या वर्षी तर पहिल्या तिन्ही जागा घेतल्या होत्या. तिच्यातलं ३.५ लिटरचं व्ही-१० हेच फॉर्म्युला वनच्या इंजिनाचं मूळ. पण ल मान्समध्ये इंजिनाला दिवसभर टिकायचं असतं, तर फॉर्म्युला वनमध्ये दोन तासांत जीव काढायचा असतो. एकाच आराखड्याकडून ही दोन्ही कामं करून घेताना इंजिनाच्या मिनिटामागच्या फेऱ्यांची चढती पट्टी गाठावी लागते, आणि नेमक्या तिथेच व्हॉल्व्ह, पिस्टन, तेलपंप बोलू लागतात. ते ऐकायला चाचणीचा हिवाळा लागतो. प्यूजोकडे तो अपुरा होता. शिवाय ल मान्सच्या विजयांचा शिल्पकार ज्याँ तॉद १९९३च्या मध्यातच फेरारीकडे गेला होता.

मार्च १९९४मध्ये नुकताच निवृत्त झालेला अ‍ॅलां प्रोस्त इश्तोरिलला त्या मॅक्लारेन-प्यूजोत बसला, गाडी पारखली आणि निवृत्तीच कायम ठेवली. चार वेळच्या विश्वविजेत्याने चाचणीतल्या फेऱ्यांवरून एका इंजिनाचा हंगाम ओळखला, असंच प्रस्तुत लेखक मानतो. ब्राझीलच्या पहिल्या शर्यतीत मिका हाकिनेन आणि मार्टिन ब्रंडल दोघेही शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. सिल्व्हरस्टोनला ब्रंडलच्या गाडीने सुरुवातीच्या रेषेवरच पेट घेतला. हंगाम चालू असतानाच इंजिनाच्या ‘ए-४’ आवृत्तीची जागा ‘ए-६’ने घेतली. म्हणजे जे काम जानेवारीत मैदानावर व्हायला हवं होतं, ते रविवारी जगासमोर झालं.

तरीही हे प्रकरण ‘फसलेलं’ म्हणून एका ओळीत उडवून लावणाऱ्यांनी तक्ता नीट पाहावा. त्या वर्षी मॅक्लारेन-प्यूजोने आठ वेळा पहिल्या तिघांत जागा मिळवली, मोनॅकोला ब्रंडल दुसरा आला आणि संघ चौथा राहिला. विजय मात्र नव्हता. १९८०नंतर मॅक्लारेनचं पहिलं कोरडं वर्ष. डेनिस यांनी वर्षभरात करार मोडून मर्सिडीज गाठलं. प्यूजो पुढे जॉर्डन संघाकडे गेलं. १९९५मध्ये कॅनडात बारिकेलो दुसरा आणि अर्व्हाइन तिसरा आला, १९९७मध्ये स्पाला फिसिकेला दुसरा. मग प्रोस्तनेच स्वतःच्या नावाच्या संघासाठी हे इंजिन घेतलं आणि २०००मध्ये त्या संघाला एकही गुण मिळाला नाही. सात वर्षं आणि शून्य विजय घेऊन प्यूजो बाहेर पडलं. डोंबिवलीतला संसार तर त्याआधीच मोडला होता. कामगारांचा तंटा, भागीदारांतली कुरबुर, आणि बाजारात नव्या गाड्यांची गर्दी. युरोपात निवृत्त झालेलं मॉडेल इथे नवं म्हणून विकण्याचा हिशेबही तोकडा पडला.

त्या दिवसांत रविवारी संध्याकाळी साडेपाचला युरोपातली शर्यत केबलवर सुरू व्हायची. सोमवारी सकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बोअरिंगच्या मशीनजवळ, क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात तिची चर्चा रंगायची. तिथल्या कारागिरांना व्ही-१०चं अप्रूप आवाजापुरतं नव्हतं. इंजिन बांधून दिलं की पहिले हजार किलोमीटर जपून चालवा, रिंगा बसू द्या, असं गिऱ्हाइकाला बजावणाऱ्या माणसाला हिवाळी चाचणी म्हणजे काय हे समजावावं लागत नसे. सिल्व्हरस्टोनला धूर निघाला तेव्हा कुठलं सील गेलं असेल यावर तिथे जे तर्क लढले, तसे आज कुठल्याही स्टुडिओत ऐकू येत नाहीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने साठच्या दशकात ज्या वसाहतीपासून सुरुवात केली, तिथे आता काचेची कार्यालयं उभी आहेत. डोंबिवलीत प्रीमियर मैदान हे नाव सभांच्या निमित्ताने तेवढं कानावर पडतं.

चाचणी हुकल्याची किंमत भारतीयांनी प्रत्यक्ष मोजली, आणि हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही याची चीड येते. कार्तिकेयन जून २००१मध्ये जग्वारच्या चाचणीतून फॉर्म्युला वनची गाडी चालवणारा पहिला भारतीय ठरला. २००५मध्ये जॉर्डनमधून तो शर्यतीत उतरला आणि पुढे विल्यम्सचा चाचणी-चालक झाला. चंडोकच्या वाट्याला २०१०मध्ये एचआरटी आली. त्या संघाने हंगामापूर्वी एकही फेरी मारलेली नव्हती. बहरीनला सरावाची सत्रं संपेपर्यंत यंत्रज्ञ चंडोकची गाडी जोडतच होते, आणि तो त्या गाडीत पहिल्यांदा मैदानावर गेला तो थेट पात्रता फेरीत. २०११ आणि २०१२मध्ये कार्तिकेयन त्याच संघात होता. दोन्ही वर्षी नवी गाडी चाचण्यांना पोहोचलीच नाही आणि दोन्ही वर्षी मेलबर्नला ती पात्रतेतल्या सर्वात जलद वेळेच्या १०७ टक्क्यांत येण्याच्या अटीत अडकून शर्यतीबाहेर राहिली. ‘आपले चालक कमी पडले’ असं लिहिणाऱ्यांनी या तीन हिवाळ्यांतल्या चाचण्यांत नव्या गाडीने मारलेल्या फेऱ्या मोजाव्यात. शून्य, शून्य, शून्य.

चालकांपलीकडे पाहिलं, तर फोर्स इंडिया संघाची इंजिनं आधी फेरारीची आणि मग मर्सिडीजची. त्यात आपलं नाव तेवढं. बुद्ध सर्किटवरच्या तीन शर्यतींबद्दल तर सांगण्यासारखं फारसं नाही, तिन्ही व्हेटेलने जिंकल्या. खरं काम केलं ते मुंबईच्या महिंद्राने, दुचाकींच्या मोटो-३ वर्गात. २५० सीसीच्या एका सिलिंडरवर इटलीतल्या बेसोझ्झोला बसून वर्षानुवर्षं मेहनत झाली आणि जून २०१६मध्ये असेनला फ्रांचेस्को बान्याइयाने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. पुढे दोनदा मोटोजीपी विश्वविजेता झालेला हा चालक महिंद्रावर घडला, याचा गाजावाजा इथे झाला नाही. २०१७अखेर कंपनीने तो विभाग बंद करून फॉर्म्युला ईवर लक्ष एकवटलं.

चाचणीचा पसाराही आता आटला आहे. फेरारी एकेकाळी फिओरानो आणि मुजेल्लोला वर्षभर गाड्या पळवायची. २००९पासून हंगामातली खासगी चाचणी बंद झाली, आणि २०२५ला हंगामापूर्वी सगळे मिळून तीन दिवस मिळाले. खर्च आवरला हे खरं. पण छोट्या संघाला आपली चूक मैदानावर सुधारायची जी सोय होती, ती गेली. इंजिन बंद खोलीत तपासायचं कोट्यवधींचं डायनो-केंद्र ज्याच्याकडे आहे तोच आता पुढे.

म्हणूनच २०२६कडे डोळे लावून बसायला हवं. २०१४मध्ये आलेल्या दोन जनित्रांपैकी उष्णतेवर चालणारं जातंय, दुसऱ्याची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० होतेय, इंधन पूर्णपणे शाश्वत. ऑडी येतेय, रेड बुल फोर्डच्या साथीने स्वतःचं इंजिन आणतंय. रेनो मात्र व्हिरी-शातियोंचा इंजिन विभाग थांबवतंय, त्यामुळे रांगेत एकही फ्रेंच इंजिन नसेल. जानेवारीच्या अखेरीस बार्सिलोनात बंद दाराआड पाच दिवस, मग फेब्रुवारीत बहरीनला तीन-तीन दिवसांच्या दोन चाचण्या. बहरीनचे तक्ते प्रसिद्ध होतील तेव्हा पहिल्या क्रमांकाची वेळ सोडून द्यावी आणि ऑडीच्या, रेड बुलच्या नावापुढे फेऱ्या किती आहेत ते आधी पाहावं.