आजोबांच्या पेटीतलं जुनं रिव्हॉल्व्हर: रिस्टोर करण्याआधी हे समजून घ्या

यूट्यूबवर रिस्टोरेशनचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. गंजून लाल झालेलं रिव्हॉल्व्हर दहा मिनिटांत आरशासारखं चकचकीत! पण चिखली, मेहकर किंवा देऊळगाव राजाकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात, माळ्यावरच्या पेटीत खरंच असं काही निघालं, तर तो व्हिडिओ बघून कामाला लागू नका. यात जीव, कायदा आणि त्या वस्तूची किंमत, तिन्ही पणाला लागतं.

हे यंत्र नेमकं काय आहे?

सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा वाडा आपण पाहतो. त्या काळानंतर तब्बल दोनशे वर्षांनी, 1836 मध्ये सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती: नळी एकच, पण तिच्या मागे फिरणारं सिलिंडर आणि त्यात पाच-सहा खाने. घोडा मागे ओढला की आतला एक छोटा पंजा सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो आणि एक खिट्टी ते नळीच्या बरोबर समोर अडकवते. पुढे चाप ओढताच घोडाही उचलला जाईल आणि सिलिंडरही फिरेल, अशी 'डबल अ‍ॅक्शन' रचना आली.

ब्रिटिश काळातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे वेब्ली. त्याचं मार्क 1 मॉडेल ब्रिटिश सैन्याने 1887 मध्ये स्वीकारलं, तर मार्क 6 हे 1915 मध्ये.

जुनं आहे म्हणजे परवाना नको?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती नुसत्या वयावर मिळत नाही. ते शस्त्र दुरुस्ती करूनसुद्धा चालू शकत नसेल, तरच सूट. म्हणजे सरळ हिशोब असा:

- दुरुस्त होऊन चालू शकतं? मग परवाना लागतोच.
- कशानेही चालू होणार नाही? मग ते फक्त जतन करायची वस्तू.

आता हे ठरवणार कोण? आपण नाही. आणि दुरुस्ती करून देण्याच्या धंद्यालाही कलम 5 प्रमाणे वेगळा परवाना लागतो. त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे नेणं म्हणजे त्यालाही अडचणीत टाकणं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद होऊ शकते. वारशाने आलेली धरून एका व्यक्तीकडे दोनच बंदुका ठेवता येतात.

सापडलं तर काय करायचं?

1. चाप, घोडा, सिलिंडर कशालाही हात लावू नका. ते भरलेलं असू शकतं. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते.
2. पिशवीत घालून स्वतः घेऊन फिरू नका. पोलीस ठाण्याला फोन करा आणि लेखी कळवा.
3. घरात जुना परवाना, पावती, पत्र असेल तर शोधून ठेवा. वारसाला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात, परवान्यासाठी अर्ज करता येतो.
4. आजोबा हयात असतील तर आणखी सोपं. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याकडे असलं, की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो.

मग रिस्टोरेशन कसलं?

कागदपत्रं झाली की जतनाचा प्रश्न येतो. इथे पहिला नियम: घासू नका. ग्राइंडर आणि पॉलिश पेपर गंजाबरोबर धातूवरचे शिक्केही खातात. क्रमांक, कारखान्याचं नाव, नळीची चाचणी झाल्याचे ठसे यांवरूनच वस्तू खरी की नकली हे कळतं. खैबर खिंडीच्या भागात बनलेल्या नकलांमध्ये कधी उलटं कोरलेलं इंग्रजी अक्षर सापडतं, आणि तिथेच नक्कल पकडली जाते. शिवाय क्रमांक खोडणं हा कलम 8 प्रमाणे गुन्हा आहे, चुकून झालं असं म्हणून सुटका होईलच असं नाही.

जाणकार लोक गंज काढण्यापेक्षा तो थांबवतात. शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून, लाकडी मूठ वेगळी काढून, लोखंडी भाग शुद्ध पाण्यात उकळतात. त्यामुळे लाल गंजाचं काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि तो थर खालच्या लोखंडाचं रक्षण करतो. हे काम परवानाधारक गनस्मिथ किंवा संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाचं.

घरी तुमचं काम तेवढं सोपं: उघड्या हाताने धरू नका, कारण घामातलं मीठ गंज आणतं. वरून मेणाचा पातळ थर द्या. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला.

व्हिडिओतलं चकचकीत रिव्हॉल्व्हर नवं दिसतं, पण त्याचा इतिहास पुसला गेलेला असतो. काळपट, पण सगळे शिक्के शाबूत असलेलं आणि कागद पक्के असलेलं रिव्हॉल्व्हर, तेच खरं रिस्टोर केलेलं.