दुगाडची लढाई आणि चार आघाड्यांची योजना

मराठीत ‘आघाडी’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे : सैन्याची पुढील फळी आणि अनेक पक्षांची एकजूट. १७८० साली नाना फडणिसाने इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या योजनेच्या अपयशाचे मर्म या दोन अर्थांमधील अंतरात आहे.

हैदर अलीने मद्रासवर, नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर, निजामाने उत्तर सरकारांवर चालून जावे आणि पेशव्यांच्या फौजांनी मुंबईकरांशी झुंजावे, अशी ही योजना होती. सर्व इलाख्यांवर एकाच वेळी दडपण आले, म्हणजे एकाला दुसऱ्याची कुमक पोचणार नाही, हे तिचे सूत्र होय. हे सूत्र मराठ्यांना नवे नव्हते. १७३९ साली चिमाजी अप्पाचा वसईस वेढा चालू असता व्यंकटराव घोरपड्याने गोव्यातील साष्टीवर स्वारी केली. त्यामुळे पोर्तुगीजांना वसईस पुरेशी मदत धाडता आली नाही. मात्र तेथे दोन्ही मोहिमांचे सूत्रचालन एकाच सत्तेच्या हाती होते.

१७८० मध्ये चार सत्तांचे चार हेतू होते. वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजामास स्वस्थ बसविले. भोसल्यांची फौज कटकपर्यंत आली, पण तेथेच रेंगाळली. हेस्टिंग्जने द्रव्य देऊन तिला थोपविले. करार खऱ्या अर्थाने पाळला तो हैदरने. सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे त्याने बेलीची पलटण नष्ट केली. परंतु बंगाल निर्धास्त असल्याने आयर कूट सैन्य व पैसा घेऊन समुद्रमार्गे मद्रासेस पोचू शकला, आणि कोकणातील गॉडर्डची फौज माघारी बोलवावी लागली नाही. उत्तरेत, ऑगस्टमध्ये ग्वाल्हेर इंग्रजांच्या हाती गेल्याने महादजी शिंद्यासही स्वतःच्या प्रदेशाची चिंता पडली.

याचा परिणाम आजच्या भिवंडी तालुक्यातील दुगाड येथे दिसून आला. गॉडर्ड वसईस वेढा घालून बसला होता व हार्टले त्याची पाठ राखीत होता. रामचंद्र गणेश याने हार्टलेवर पुढून व मागून हल्ले चढविले. १२ डिसेंबर १७८० रोजी तो दाट धुक्याच्या आडोशाने पुढे सरकला; धुके अकस्मात विरले, आणि तोफांच्या माऱ्यात तो ठार झाला. त्याच सुमारास वसईही पडली.

तथापि योजना सर्वस्वी निष्फळ ठरली, असे म्हणता येत नाही. १७८१ च्या आरंभी बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत आलेल्या गॉडर्डला एप्रिलमध्ये मोठे नुकसान सोसून पनवेलीकडे परतावे लागले. जेथे हुकूम एकाचा होता, तेथे मराठी फौजांनी यश मिळविले.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, तेव्हा हैदर अजून लढतच होता. इंग्रजांचे तीन इलाखे परस्परांशी भांडत असले, तरी त्यांना जोडणारा सागरी मार्ग व बंगालचा खजिना होता. मित्रसंघाला जोडणारा दुवा केवळ करारपत्राचा होता. सैन्याच्या आघाड्या चार उघडल्या. राजकारणाची आघाडी मात्र एक होऊ शकली नाही.