तेरा वर्षांनंतरची नोकरी

ज्यांची मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत आहे, अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो : “अजून किती वर्षे शिकावयाचे?” मुलगी जर रुग्णालयीन बालरोगतज्ज्ञ होऊ इच्छीत असेल, तर या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबते. शाळेनंतर चार वर्षे महाविद्यालय, चार वर्षे वैद्यकशास्त्र, तीन वर्षे बालरोगविभागात निवासी डॉक्टर, आणि त्यावर दोन वर्षांची फेलोशिप.

शेवटची दोन वर्षे नवी आहेत. पूर्वी तेथे मूल रुग्णालयात दाखल झाले, तरी नेहमीचा डॉक्टरच आपला दवाखाना सांभाळून त्याला पाहावयास येत असे. पुढे दाखल झालेल्या रुग्णांचीच जबाबदारी घेणारे डॉक्टर निर्माण झाले. १९९६ साली रॉबर्ट वॉक्टर व ली गोल्डमन यांनी त्यांना ‘हॉस्पिटलिस्ट’ हे नाव दिले. मुलांच्या बाबतीत या कामाला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये, व पहिली परीक्षा झाली २०१९ च्या नोव्हेंबरात. आरंभी अनुभवाच्या बळावरही परीक्षेस बसता येई. आता नव्या पिढीला फेलोशिपवाचून ते प्रमाणपत्र नाही.

एवढे शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरची अपेक्षा काय असते? बहुधा विद्यापीठाशी जोडलेले मोठे बालरुग्णालय. काही आठवडे रुग्णशय्येजवळ, उरलेला वेळ अध्यापन, संशोधन व उपचारपद्धतीच्या सुधारणेसाठी. दोन वर्षे तिला हेच तर शिकविलेले असते! पैशाच्या दृष्टीने मात्र व्यवहार आतबट्ट्याचा वाटावा असा आहे. शिकाऊ वेतनावर आणखी दोन वर्षे काढूनही प्रौढ रुग्ण पाहणाऱ्या हॉस्पिटलिस्टची मिळकत सामान्यतः तिच्याहून अधिकच असते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असेल, तर हा विचार टाळता येत नाही.

दुसरी अडचण जागेची. मोठ्या शहरांतील अशा जागा मोजक्या, आणि लहान गावांतील बालविभाग तर मिटत चालले आहेत. हिवाळ्यात श्वासनलिकांच्या विकाराने खाटा भरतात, उन्हाळ्यात त्या रिकाम्या राहतात. शिवाय गरीब मुलांच्या उपचारांचे सरकारी योजनेतून मिळणारे पैसे तुटपुंजे. म्हणून व्यवस्थापक त्या खाटा प्रौढांना देतात. २००८ ते २०१८ या काळात अमेरिकेतील बालविभागांची संख्या सुमारे १९ टक्क्यांनी घटली. परिणामी आजारी बाळाला घेऊन आईबापांना दूरच्या शहराची वाट धरावी लागते.

जे लहान विभाग टिकून आहेत, तेथे संशोधनाला सवड क्वचितच मिळते. रात्री एकच डॉक्टर, आणि तिलाच कधी प्रसूतिगृहातून, तर कधी तातडीच्या विभागातून बोलावणे येते. आमच्या मते खरी विद्या तेथेच कसास लागते. पण असे दुरून म्हणणे सोपे आहे. काही मोठी बालरुग्णालये आता आपलेच डॉक्टर अशा विभागांत पाठवितात. त्यामुळे नोकरी स्वीकारताना मुलीने वेतनाआधी एक गोष्ट करारात लिहून घ्यावी : वर्षातले किती आठवडे कोणत्या गावी.