स्प्रिंट कोणाचा भारी? आधी विचारा, शेवटी कोणात किती उरलंय!



दोन सायकलपटू शेवटच्या सरळ रस्त्यावर बरोबरीने आलेत. कोण जिंकेल? तुम्ही म्हणाल, ज्याचा वेग जास्त तो. मलाही तसंच वाटायचं.

आता ४ एप्रिल २०२१ ची बेल्जियममधली टूर ऑफ फ्लँडर्स बघा. ही एकदिवसीय क्लासिक शर्यत. आज हरलात तर भरून काढायला उद्याचा टप्पा नाही. सुमारे २५४ किलोमीटर, दगडी रस्ते, छोटे पण खडे चढ. शेवटी दोघंच उरले, नेदरलँड्सचा मातियू व्हान डर पूल आणि डेन्मार्कचा कास्पर आस्ग्रीन. व्हान डर पूलने २०२० मध्ये हीच शर्यत अशाच दोघांच्या स्प्रिंटमध्ये, वाउट व्हान आर्टला अगदी थोडक्यात हरवून जिंकली होती. त्यामुळे सगळ्यांची पसंती त्यालाच. स्प्रिंटही त्यानेच आधी सुरू केला. पण रेषेच्या अलीकडेच त्याचे पाय संपले, तो सीटवर बसला आणि आस्ग्रीन पुढे निघून गेला.

म्हणजे क्लासिकमधला स्प्रिंट तोलताना तीन गोष्टी बघाव्या लागतात.

१. शेवटपर्यंत पोचता का? मार्क कॅव्हेंडिशच्या नावावर टूर द फ्रान्सचे विक्रमी ३५ टप्पे आहेत, पण मिलान-सान रेमो एकदाच, २००९ मध्ये. तिथे जवळपास ३०० किलोमीटरनंतर, शेवटाला पोज्जो हा चढ येतो. वेगवान गडी तिथेच मागे पडतात.

२. पोचल्यावर काय उरलंय? हे आस्ग्रीनने दाखवलं.

३. रेष ओलांडेपर्यंत लक्ष आहे का? एरिक झाबेलने मिलान-सान रेमो चार वेळा जिंकली होती. २००४ मध्ये त्याने जिंकलो समजून आधीच हात वर केले. तेवढ्यात ऑस्कर फ्रेरेने सायकल पुढे ढकलली आणि शर्यत नेली.

आता आपल्या धंद्याकडे या. दुकानाच्या पहिल्या दिवाळीत मी दसऱ्यालाच सगळं भांडवल मालात घातलं. सुरुवात जोरात! पण शेवटच्या चार दिवसांत गिऱ्हाईक नेमका संपलेला माल मागत होतं आणि माझ्याकडे तो परत भरायला रोख नव्हती. शेजारच्या छोट्या दुकानदाराने पैसा राखून ठेवला होता. माझं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं. त्या दिवाळीत व्हान डर पूल मी होतो, आस्ग्रीन तो!

म्हणून स्पर्धकाची ओपनिंगची गर्दी बघून घाबरू नका आणि स्वतःची बघून हुरळू नका. या सीझनला एकच करा. भांडवलाचा एक हिस्सा शेवटच्या आठवड्यासाठी बाजूला काढा आणि त्याला आधी हात लावू नका. आणि हो, ऑर्डर तोंडी पक्की झाली म्हणून पेढे वाटू नका. पैसे खात्यात आले की मगच हात वर करा!